झुंबरबाईची कुंडी

वडनेर भोलजीत दोन गोष्टी फुकट मिळतात, असं लोक म्हणत. एक हायवेची धूळ आणि दुसरा झुंबरबाईच्या हातून अपमान. धूळ गावभर मिळे. अपमानासाठी तिच्या ओसरीसमोरून जावं लागे, एवढाच काय तो त्रास.

बाई साठीला टेकलेली, अंगानं काटकी, कपाळाला ठसठशीत कुंकू आणि जिभेला हाड नाही. तिच्या लेखी सरपंच म्हणजे कणा नसलेला गडी, मास्तर झोपाळू, किराणावाला काट्याला बोट लावणारा. शेजारची भिमाबाई कढी करते की नुसतं पाणी उकळते, हे तिला उभ्या जन्मात ठरवता आलं नव्हतं. पण ही सगळी वरवरची गिऱ्हाइकं. घागरीच्या तळाचं, मुरलेलं म्हणतात तसं जे काही होतं, ते तिनं नवऱ्यासाठी राखून ठेवलं होतं.

नवरा शेषराव. गावात बीटी कपाशी आली तेव्हा पहिली पाकिटं फोडली ती यानं. पहिली दोन-तीन सालं बोंडं अशी लागली, की पऱ्हाटी वाकायची. तेवढ्यात हा माणूस बिघडला. बियाण्याच्या एका कंपनीनं त्याला 'प्रगतशील शेतकरी' केलं, टोपी घातली आणि पऱ्हाटीच्या फांदीवर हात ठेवलेला त्याचा फोटो हायवेच्या कडेला फळ्यावर लावला. नंतर उन्हापावसानं त्या फळ्यावरचा चेहरा उडाला, टोपी तेवढी राहिली. "जेवढं खरं होतं तेवढं राह्यलं," झुंबरबाई म्हणाली.

हसू नका, गाव काही शहाणं नव्हतं. शेषरावाच्या मागं सगळेच धावले. ज्वारी गेली, मूग-उडीद गेले, तीळ तर पोरांनी पाहिलाच नाही. बापजाद्यांनी मडक्यात राख घालून बी जपलं, आणि हे आता पाकीट फाडल्याशिवाय वावरात पाऊल टाकेनात. पानावर डाग दिसला की दुकान, अळी दिसली की दुकान, काहीच दिसलं नाही तरी दुकान, कारण काहीच दिसत नाही म्हणजे नक्की काहीतरी असणार. भाव पडला की मात्र सगळे सरकारला शिव्या द्यायला चौकात हजर. झुंबरबाईला या लोकांची कीव यायची नाही. कीव यायला आधी माणूस थोडा तरी बरा वाटावा लागतो.

त्याच कंपनीनं एका हिवाळ्यात निवडक शेतकऱ्यांना शिमल्याची सहल घडवली. शेषराव परत आला तो मांडीवर एक कुंडी घेऊन. तिच्यात विड्याच्या पानासारखी पानं, त्यांवर कोणी चुन्याचं बोट फिरवल्यासारखी पांढरट नक्षी आणि मधोमध गुलाबी फुलं. फुलं तरी कशी, पाकळ्या सगळ्या मागं वळलेल्या, बाईनं ओचा वर खोसून पाण्यात उतरावं तशी.

"हे घे. तिकडं घरोघरी असते," शेषराव म्हणाला.

"जितं आनलं? नवल हाय," झुंबरबाई म्हणाली.

तिकडच्या माळ्यानं त्याचं नाव सांगितलं होतं, ते शेषरावानं भुसावळ येईस्तोवर हरवलं. पुढं कृषी सहायकानं सांगितलं, सायक्लॅमेन. झुंबरबाईला ते तापावरच्या गोळीचं नाव वाटलं. तिनं त्याला 'शिमल्याचं' एवढंच म्हणायला सुरुवात केली.

पहिल्याच आठवड्यात शेषरावानं आपली प्रगती दाखवली. पान उलटून पाहिलं, तर खालून तांबडं-जांभळं. झालं. कपाशीवर पान लाल पडलं की त्याला लाल्या म्हणतात, हे त्याला ठाऊक. हे झाड खालून जन्मतःच लाल असतं, हे ठाऊक असायला आधी झाडाकडे पाहावं लागतं. यानं पंप पाठीला लावून ओसरीतल्या वीतभर झाडावर फवारा मारला. चार पानं करपून गेली. झुंबरबाईनं कुंडी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि त्या दिवसापासून ती तिची झाली.

तिनं काय केलं? फार काही नाही. तिला झाडाचं प्रेम होतं असंही नाही. नवऱ्याला जमलं नाही ते आपल्याला जमतं, हे दिसावं एवढीच हौस. घरची काळी माती भेगाळते आणि पाणी धरून बसते, म्हणून तिनं नाल्याची रेती, जुनं शेणखत आणि लिंबाखालचा पाचोळा कालवला. गाठ अर्धी मातीवर उघडी ठेवली, सगळीच पुरली असती तर सडली असती. वरून पाणी घातलं की मधला कोंब कुजतो हे एकदा पाहिल्यावर ती परातीत पाणी घेऊन कुंडी त्यात बसवायची. पोटभर प्यायली की उचलायची. सुकलेलं फूल कात्रीनं कापायचं नाही, देठ बुडाशी धरून पिळा देऊन उपटायचं. "नवऱ्याचा कान धरतात तसं," ती भिमाबाईला म्हणाली.

होळी सरली आणि पानं पिवळी पडून गळाली. भिमाबाई म्हणाली, गेलं. शेषराव म्हणाला, गेलं. झुंबरबाईनं कुंडी उकिरड्यावर नेली, टाकण्याआधी गाठीला नख लावून पाहिलं, तर आत पांढरं आणि टणक, अगदी सुरणासारखं. सुरणाचा दांडा वाळला म्हणून सुरण मेलं असं कोण म्हणतं? तिनं कुंडी धाब्याच्या खोलीत, धान्याच्या रिकाम्या कणगीमागं नेऊन ठेवली आणि चक्क विसरून गेली. आश्विनात कणगी सरकवली तेव्हा गाठीवर हिरवे टिपके. त्यानंतर ती गावभर सांगत फिरली, की असं ठेवावं लागतं, कोरडं, अंधारात, थंडी लागेपर्यंत थेंबभर पाणी नाही, उन्हाळ्यात ते झोपतं. विसरले होते, हे ती कोणाला कशाला सांगेल?

असं तीन सालं चाललं. उन्हाळ्यात मरायचं, दिवाळीच्या आगंमागं उठायचं, पुसात, पौषाच्या थंडीत, फुलायचं.

चौथ्या अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ओसरीत माणसं जमली होती. अखजी म्हणजे कुणब्याचं साल बदलतं, यंदा कुठं काय पेरायचं ते ठरतं. शेषराव लोडाला टेकून सांगत होता, पांदीजवळच्या वावरात यंदा कोणतं पाकीट लावणार ते. समोर कृषी केंद्रवाला बिलाल, चौकातल्या बाकावरचा शालिग्राम आणि आणखी चार टाळकी. झुंबरबाई आमरसाची पातेली घेऊन बाहेर आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "पांदीचं वावर मले द्या. जवारी पेराची हाय."

तिचं म्हणणं साधं होतं. घरात ज्वारी विकत यायची. भाकरीचं पीठ हाताला लागलं की तिला ते कोणाच्या वावरातलं हे ठाऊक नसायचं, आणि हे तिला उष्ट्यासारखं वाटायचं. कडबा तर गावातून नाहीसा झाला होता. गोठ्यातली जोडी काडीला मोताद, विकायच्या गोष्टी निघालेल्या. ती बैलजोडी तिनं वासरं असल्यापासून वाढवली होती. म्हणून एक वावर. सगळं नको, पांदीचं एक.

हे असंच मागितलं असतं तर कोण जाणे. पण सरळ मागणं तिच्या रक्तात नव्हतं. ती पुढं म्हणाली, "तुमच्या टोपीनं फयावर फोटू लागते, बैलाच्या तोंडात काडी नाई पडत."

शालिग्राम फिस्सकन हसला. शेषरावाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "अख्ख्या शिवारात एकल्या तुह्याच वावरात जवारी असली, तं तालुक्याचे पाखरं तुह्याच घरी जेवाले येतीन. उरलं तं डुकरं."

"येऊ द्या. इथं बसून खातात त्याईच्यापेक्षा पाखरं बरे."

आता शालिग्रामचंही हसू गेलं. शेषरावानं कणगीच्या खोलीकडे हात केला. "तुह्यं थे मेलेलं झाड हाय ना, थे दिवायीपर्यंत उगवलं, तं पुढल्या साली पांदीचं वावर तुह्यं. जवारी पेर नाई तं गवत पेर. नाई उगवलं, तं पुन्हा नाव नाई काढाचं."

"सगळ्याइसमोर बोल्ले. आता शब्द गिऊ नका," झुंबरबाई म्हणाली आणि प्रत्येकाच्या वाटीत रस ओतून आत गेली. आत गेल्यावर तिला हसू आवरेना. या येड्याला झाड मेलंय असं वाटतं. चार वर्षं घरात कुंडी आहे आणि याला एवढंही कळलं नाही. जवळजवळ फुकटात वावर मिळालं, तेही मूर्ख नवऱ्याच्या कृपेनं. मूर्ख नवऱ्याचा कधी फायदा होईल, हे तिला वाटलं नव्हतं.

पावसाळा गेला. कपाशी कमरेला लागली, बोंडं धरली आणि बोंडं फोडून पाहिली तर आत गुलाबी अळी. बीटीला अळी लागत नाही असं फळ्यावर लिहिलेलं होतं, अळीला कोणी वाचून दाखवलं नसावं. सगळं गाव बिलालच्या दुकानासमोर. कोणी म्हणे हे मार, कोणी म्हणे ते मार, सकाळी एक औषध, संध्याकाळी दुसरं. झुंबरबाई ओसरीत बसून पाहत होती. तिला आनंद झाला असं म्हणणं बरं नाही, पण वाईटही वाटलं नाही.

दसरा झाला आणि मेहकरहून निरोप आला. लेक पुष्पांजलीचं दुसरं बाळंतपण, सासू आजारी, आईनं यावं. झुंबरबाई निघाली. जाताना तिनं शेषरावाला कणगीच्या खोलीपाशी उभं केलं.

"कुंडीले हात लावाचा नाई. पानी घालाचं नाई. पाहाचं बी नाई. मी येऊन पाहीन."

"कोजागिरी आली, अजून कोंब नाई दिसला," शेषराव म्हणाला.

"तुमाले काय कराचं? तुमी तं जितून राह्यले."

तिला काळजी नव्हती. आश्विनाचं ऊन त्या साली लांबलं होतं, रात्री अजून उकाडा होता. थंडी नाही तर कोंब कसा येईल? पण हे नवऱ्याला समजावून सांगायचं म्हणजे भिंतीला सांगायचं. ती पिशवी उचलून खामगावच्या गाडीत बसली.

वसुबारसेच्या सकाळी ती परत आली. पाय न धुता पहिल्यांदा खोलीत गेली. कणगीमागं हात घातला आणि नाकाला वास आला. कुंडी उजेडात आणली. माती चिंब. कडेला निळसर पूड बसलेली, ती ओळखायला कोणाला विचारायची गरज नव्हती. कपाशीचं झाड उभ्या उभ्या वाळायला लागलं, मर लागली, की गावातले सगळे कॉपर आणि युरिया पाण्यात कालवून बुडाशी ओततात. तिनं गाठीवर बोट ठेवलं, बोट आत गेलं. सडक्या बटाट्यासारखं पाणी बाहेर आलं.

बोट तिनं पदराला पुसलं. रडली नाही. वावर गेलं, जोडी जाणार, हे डोक्यात येत होतं आणि त्याच्यावर चढून दुसरंच काही येत होतं. बावळट आहे, टोपी आहे, गर्वाचं गाठोडं आहे, हे सगळं तिला ठाऊक होतं. पण कपटी आहे हे नव्हतं. एवढी अक्कल याला आली कुठून?

कुंडी तशीच काखेत घेऊन ती चौकात आली. बिलालच्या दुकानासमोर बाकावर शेषराव, शालिग्राम आणि नेहमीची मंडळी बसलेली. तिनं कुंडी शेषरावाच्या पायांशी आपटली. खापर फुटलं, वास पसरला.

"हाराची धास्ती होती तं तोंडानं सांगाचं. बाईमानसाच्या झाडाले विख काऊन घातलं? येवढं वावर डोयात सलत होतं, तं पैज लावाले कोन सांगतलं होतं? अन् म्हने प्रगतशील. चोर बी दिवसाढवया सांगून चोरते."

शेषरावानं एकदा कुंडीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग खांद्यावर दुपट्टा टाकून उठला आणि घराकडे चालायला लागला. बाकावरचे सगळे आपापल्या चपला पाहत होते.

"मोठीमाय, बसा जरा," बिलाल गल्ल्यामागून म्हणाला.

"मी उभी बरी हाओ."

"काका तीनदा आल्ते दुकानात. म्हने, कंद मरून राह्यला, दिवायी तोंडावर आली, काई जोरदार दे. मी म्हनलं, काका, उगवलं तं शर्त हाराल, वावर जाईन. तं मलेच बोल्ले. म्हने, जाऊ दे ना बे, त्याच्यासाठीच तं लावली." बिलालनं मान खाली घातली. "कॉपर मीच देल्लं. म्हनलं, पऱ्हाटीची मर थांबते, तं याची बी थांबीन. बुडाशी ड्रेंचिंग करा म्हनून मीच सांगतलं. एक टानिक बी देल्लं वरून."

झुंबरबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो आत पोत्यांमागं काहीतरी शोधायला गेला.

ती घरी आली तेव्हा शेषराव गोठ्यात दावणीशी बसला होता. बैलाच्या अंगावरचे गोमाशांचे चट्टे बोटानं चाचपत होता.

"झाड मेलं असं वाटलं तुमाले?" तिनं विचारलं.

"मंग काय वाटाचं? दर साली दिवायीच्या आगंमागं उगवते. या साली नाई उगवलं. तू तिकडं. म्हनलं, मर लागली."

"दर साली उगवते, हे तुमाले माह्यित होतं?"

"घरातच राह्यतो ना मी? तीन सालं पाह्यलं. आंधया हाओ काय?"

"अन् तरी पैज लावली?"

शेषरावानं बैलाच्या पाठीवरची गोमाशी हाकलली. "तू वावर मांगतलं, अन् मांगता मांगता चार लोकाइत माह्यी टोपी काढली. हो म्हनाची सोय ठेवली काय तू? म्हनलं, पैज लावू. हारीन, मंग द्याच लागीन. माह्यं बी राहीन, तुह्यं बी राहीन."

"घरात आल्यावर देल्लं अस्तं."

"घेतलं अस्तं तू?"

तिच्याजवळ उत्तर तयार होतं. तिच्याजवळ ते नेहमीच तयार असे. घेतलं असतं, म्हणायला तिनं तोंडही उघडलं. मग तिला नांदुऱ्याच्या बाजारातून त्यानं आणलेलं लुगडं आठवलं, त्याला ती मच्छरदाणी म्हणाली होती. पहिल्या लेकीच्या वेळचे पेढे आठवले, ते खवट म्हणून तिनं भिमाबाईकडे पाठवले होते. आणखी आठवायला लागलं, तेव्हा तिनं ते थांबवलं.

"चौकात काऊन नाई बोल्ले? मी चोर म्हनलं तुमाले."

"काय बोलू? झाड तं मीच मारलं ना."

हा माणूस मूर्खच होता, यात तिला अजूनही शंका नव्हती. कोरड्या, झोपलेल्या गाठीवर कॉपर ओतणारा माणूस शहाणा कसा म्हणावा? पण त्या दिवशी ओसरीत एकटा तोच मूर्ख नव्हता, आणि हे तिला सुपारीचं खांड दातात अडकावं तसं दिवसभर टोचत राहिलं. संध्याकाळी बारशीची वासरं ओवाळताना शेषराव म्हणाला, "पांदीचं वावर पेर पुढल्या साली. पैज गेली उडत." तिनं पुढच्या वासराला कुंकू लावलं.

दुसऱ्या सकाळी, धनतेरसेला, ती पुन्हा चौकात गेली. गावात आल्यापासून झुंबरबाईनं बोललेला शब्द मागं घेतला असं कोणी पाहिलं नव्हतं. नवरा मेला असता तरी आपण त्याला आधी म्हटलं तेच बरोबर होतं, असं तिनं सांगितलं असतं. बाकावर तीच माणसं. तिला येताना पाहून शालिग्राम सरकून बसला.

ती बाकासमोर उभी राहिली. पदर खांद्यावरून पुढं ओढला.

"काल मी माह्या नवऱ्याले चोर म्हनलं. थे खोटं होतं. त्याईनं विख नोतं घातलं, औषध घातलं." एवढं बोलून ती थांबली. पुढचं वाक्य तिला जड जात होतं, हे सगळ्यांना दिसलं. "पैज मी हारली. तरी त्याईनं मले वावर देल्लं. अन् मी घेतलं."

कोणी हसलं नाही. ती वाट पाहत उभी राहिली. कोणीतरी हसायला हवं होतं, म्हणजे तिला त्याच्यावर तुटून पडता आलं असतं. शालिग्रामनं नुसती मान हलवली आणि तिच्यासाठी बाकावर जागा केली.